खंडेनवमीला रंगवलेलं इंजिन

"ह्याच्या हाताला गुण न्हाई," असं एक सावकार माझ्या थोरल्या भावाबद्दल भर दुपारी चार माणसांत बोलला. त्या चार माणसांत मीही होतो. पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. सावकार गेला, त्याची गाडी भंगारात गेली, ज्या पत्र्याच्या शेडखाली तो बोलला तिथं आता दुसरंच काही उभं आहे. माझा राग मात्र जागच्या जागी आहे. आज तो लिहून काढतो आहे, कारण त्यातला एक हिस्सा माझ्या स्वतःच्या वाट्याचा आहे आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी गुलबर्ग्याहून बी.एस्सी. झालो. नोकरी नव्हती. रोज एक अर्ज लिहायचा आणि पोस्टात टाकायचा, एवढंच काम. राहत होतो दादाजवळ, हुमनाबादला, एका खोलीत. दादानं सातवीतून शाळा सोडली होती. आधी एका बॅटरीवाल्याकडं पाणी भरण्यापासून सुरुवात केली आणि मग हायवेवरच्या एका गॅरेजात तो गाड्यांचं वायरिंग करू लागला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि मी चढलो ते दादाच्या कामावर. तो मला हे कधी बोलून दाखवत नसे. मला पाहुण्यांत बसवून "आमचा फिजिक्सवाला" म्हणे, तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे दिसे त्यानंच मला लाजल्यासारखं होई.

दादाला वायरिंगचे इंग्रजी नकाशे वाचता येत नसत. तो आईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वायरींना बांधून ठेवी. हिरवी चिंधी हॉर्नची, तांबडी दिव्याची, काठाची चिंधी सेल्फची. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. पुण्या-हैदराबादेच्या लॉऱ्या रात्रंदिवस त्या रस्त्यावरून जात, आणि कितीतरी ड्रायव्हर "चिंध्यावाला मेस्त्री कुठंय" असं विचारत थांबत.

गॅरेजच्या मालकांना सगळे अप्पा म्हणत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, तोंडात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वाक्यात. त्यांच्याबद्दल मी वाईटच लिहीन असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगतो. आजूबाजूच्या हॉटेलांत आमच्या माणसांचे कप वेगळे टांगलेले असत त्या काळात अप्पांनी दादाला आपल्या किटलीतला चहा आपल्यासारख्याच कपात दिला होता. दादा ते विसरला नाही. मीही विसरलो नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या महिनाभर आधी गावातल्या एका डाळमिलवाल्या सावकारानं आपली काळी अँबॅसिडर अप्पांच्या दारात आणून लावली. पेट्रोल परवडत नाही, यात डिझेलचं इंजिन बसवून द्या, असं त्याचं म्हणणं. हैदराबादेहून एका आपटलेल्या टेम्पोचं इंजिन लॉरीत घालून आलं. जुनं इंजिन साखळीनं उचलून बाहेर काढलं. नवं तिथं मावेना. पुढचा पत्रा कापला, बैठकी नव्यानं वेल्ड केल्या, रेडिएटर चार बोटं पुढं सरकवला. ते फिटरचं काम. वायरिंगचं काम दादाचं. डिझेल इंजिनाला फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून त्यानं मोठी बॅटरी घातली, सेल्फ उघडून त्याला नवे कार्बन घातले, केबल जाड घेतली.

आणि एक अर्थिंगची पट्टी लावली. ही पट्टी काय असते ते इथं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बॅटरीचं एक टोक सेल्फला जातं आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला. करंट सेल्फमध्ये शिरतो, इंजिनाच्या लोखंडातून बाहेर पडतो आणि पत्र्यातून बॅटरीकडं परत येतो. पण इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं, थरथर कमी व्हावी म्हणून. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली, दोन बोटं रुंद पट्टी दोन बोल्टांनी आवळतात. करंटची परतीची वाट ती एवढीच. दादानं दोन्ही जागा घासून लोखंड उघडं केलं आणि पट्टी आवळली.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी गाडी पहिल्यांदा चालू झाली. किल्ली फिरवली आणि अर्ध्या झटक्यात इंजिन धडधडायला लागलं. सावकाराचा ड्रायव्हर नाक्यापर्यंत जाऊन आला आणि खाली उतरून म्हणाला, "म्हशीसारखं हंबरायलंय, पण वढतंय बैलावानी." अप्पांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. मी तिथंच होतो. ती थाप मी पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दादाला एका लॉरीच्या डायनमोसाठी चिटगुप्प्याला पाठवलं. तो संध्याकाळी परतला तेव्हा इंजिन रंगवलेलं होतं.

आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. गिरणी, मोट, शिलाई मशीन, लॉरी, सगळ्यांना धुऊनपुसून, रंग लावून, झेंडूच्या माळा घालून बसवतात. गॅरेजात तर तो वर्षाचा सण. नव्या इंजिनाला तेलकट अंगानं पूजेला कसं बसवायचं? अप्पांनी पेंटरला सांगितलं, "झकास कर. सावकारानं तोंडात बोट घालाय पायजे." पेंटरनं ब्लॉकला तांबडा भडक रंग दिला, झाकणाला चंदेरी. चासीच्या पट्ट्यांना काळा. आणि तो कामाचा माणूस होता, वरवरचं काम त्याला जमत नसे. त्यानं अर्थिंगची पट्टी सोडली, पट्टीखालची जागा रंगवली, पट्टीही चंदेरी रंगात बुडवून काढली, आणि सगळं वाळल्यावर होतं तसं आवळून ठेवलं. पट्टी आधीपेक्षा सुंदर दिसत होती. हे मी आता सांगतो आहे. त्या दिवशी हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी पूजा मांडली. सतरंजीवर सगळे पाने, हातोडे, जॅक, दादाची पक्कडसुद्धा. गाडीचं बॉनेट उघडं, इंजिनावर माळ, चाकांखाली लिंबं. सावकार रेशमी काठाचं धोतर नेसून आला होता. आम्ही छप्पन्न सालानंतरचे. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीला गेले, आणि दादा त्या बाबतीत एकदा ठरलं ते ठरलं असा माणूस. दर वर्षी पूजेच्या वेळी तो शेडबाहेर टायरवर बसून राही, पूजा झाली की आत येऊन कामाला लागे. पाच वर्षांत कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी सावकार होता म्हणून अप्पांनी हाक मारली.

"ये बा मेस्त्री, हात जोड. तुझंच काम हाय की हे."

दादा उठला, जवळ आला आणि हात मागं बांधून उभा राहिला. "तुमचं चालू द्या, अप्पा," तो म्हणाला.

मी त्याच्या कानाशी लागलो. "दादा, नुस्ते हात जोड की. काय जातंय?"

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. हात मात्र जोडले नाहीत.

कापूर लावला, कोहळा फोडला. सावकार गाडीत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. बाकी काही नाही. हॉर्न वाजत होता, दिवे लखलखीत लागत होते, सेल्फ मात्र टक करून गप्प. शेडमध्ये रस्त्यावरच्या लॉरीचा गिअर बदललेला ऐकू आला.

"एनायतो?" अप्पा कन्नडमध्ये पुटपुटले, काय झालं म्हणून, आणि सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. एकदम आणि एकाच वेळी. मला आजही हाच प्रश्न पडतो की त्यांनी इंजिनाकडं का नाही पाहिलं.

दादानं बॅटरी बदलली. एका लॉरीची चांगली दणकट बॅटरी आणून जोडली. टक. चार जणांनी गाडी ढकलली, तेव्हा ती लगेच चालू झाली आणि नीट चालत राहिली. म्हणजे इंजिन ठीक, डिझेल ठीक. फिटर सुटला. तो हात पुसत चहाला गेला. उरलं वायरिंग, आणि वायरिंग म्हणजे दादा.

सावकार म्हणाला, "उद्या सीमोल्लंघनाला जायचंय मला ह्या गाडीत. ढकलायला चार गडी डिकीत घालून निऊ का?"

ड्रायव्हर म्हणाला, "परवा तर नुस्त्या किल्लीच्या वासानं चालू झालती, मालक. आज पूजा झाली आन् बसली."

"पूजा झाली आन् बसली न्हाई," सावकार म्हणाला. "पूजेत एकानं हात जोडले न्हाईत आन् बसली."

दादा सेल्फ सोडवत गाडीखाली पडून होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. त्याला ते ऐकू गेलं, कारण पाना फिरवायचा आवाज क्षणभर थांबला.

सेल्फ काढून बाकावर ठेवला आणि लॉरीच्या बॅटरीच्या दोन तारा थेट लावल्या, तर तो गरगरा फिरला. परत गाडीत बसवला. टक. दादा कपाळाला हात लावून बसला. "टेबलावर फिरायलाय आन् गाडीत फिरत न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "मग करंट कुठं मरायलाय?"

आणि इथं माझी विद्या कामाला आली.

मला वाटलं, आता वेळ आली आहे. इतकी वर्षं या माणसानं मला शिकवलं, आज मी त्याच्या उपयोगी पडेन. मी दादाचा टेस्ट लॅम्प घेतला. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक बॅटरीच्या सेल्फकडच्या तारेला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या एका उघड्या बोल्टाला. बल्ब पेटला. चांगला पिवळाधमक. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अर्थिंग ओके आहे. दिवा पेटला म्हणजे परतीची वाट मोकळी आहे. बॅटरी ओके, केबल ओके. दोष सेल्फमध्येच असला पाहिजे."

मराठीत, शुद्ध, पुस्तकी. अप्पांना ते फार पटलं. "बघा, शिकल्यालं माणूस सांगायलंय."

सेल्फ उघडून नवे कार्बन कुणी घातले होते? दादानं.

त्या क्षणी सावकार म्हणाला ते वाक्य. "ह्याच्या हाताला गुण न्हाई. भावानंच सांगिटलं आता." पेंटर तिथं होता, ड्रायव्हर होता, अप्पा होते आणि मी होतो. माझ्या हातात तो पेटलेला बल्ब होता.

अप्पा दादाला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "मेस्त्री, तू आता ह्या गाडीला हात लावू नको. उद्या गुलबर्ग्याचा मेस्त्री बोलवतो. सावकाराचं मन इटाळलंय." आणि मग, दुसरीकडं बघत, "दसरा झाल्यावर बघू तुझं काय ते."

तुझं काय ते! पाच वर्षं ज्याच्या चिंध्यांवर त्या गॅरेजचं नाव चाललं त्याचं काय ते दसरा झाल्यावर बघणार होते. शेडमध्ये अंगभर रंग लावून माळ घातलेलं एक इंजिन उभं होतं, त्याला बोल लावायची कुणाची छाती नव्हती. बोल लावायला हात न जोडलेला माणूस सोपा होता. तो उद्या निघून गेला असता तर हुमनाबादपासून बसवकल्याणपर्यंत एकाही गॅरेजानं त्याला उभं केलं नसतं. अशी कारणं कागदावर लिहिलेली नसतात. तोंडातोंडी जातात, आणि लॉरीपेक्षा लवकर पोचतात.

दसऱ्याला आमच्याही घरी सण असतो, दीक्षेचा. दादा सकाळी पांढरे कपडे घालून तयार झाला. आम्ही दोघं विहाराकडं निघालो आणि चौकात आल्यावर त्यानं वाट बदलली.

"दादा, नको जाऊस. सांगिटलंय न्हव त्यांनी."

"गाडीला हात लावू नको म्हणल्यात. बघू नको म्हणलं न्हाई," तो म्हणाला.

शेडमध्ये गुलबर्ग्याचा मेस्त्री आलेला नव्हता. सणाला कोण येतं? ड्रायव्हर गाडीत बसून एकसारखी किल्ली मारत होता. टक, टक, टक. किल्ली तशीच दाबून धरून. सावकार घड्याळ बघत बाजूला उभा, शेजारी अप्पा. दादा लांब, टायरवर, पांढऱ्या कपड्यांत. शेवटी पेंटर आणि दोघांनी ढकलून गाडी चालू केली. सावकार म्हणाला, "बंद कर. परत सेल्फ मारून बघ एकदा." डिझेल इंजिन किल्लीनं बंद होत नाही, इंजिनाला बांधलेली स्टॉपची लोखंडी वायर ओढावी लागते. डॅशबोर्डखाली तिचं बटण असतं. ड्रायव्हरनं ते ओढलं आणि ओरडत हात झटकला.

"आईगं! हे कशानं तापलंय? तव्यावानी भाजायलंय की!"

सावकार चिडला. "बटण कधी तापतंय काय? भांग घिटलास का सणाची?"

"लावून बघा की मालक तुम्हीच."

दादा टायरवरून उठला. मी त्याला तसं उठताना त्याआधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या कपड्यांनिशी तो सरळ गाडीत शिरला आणि ते बटण दोन बोटांनी धरलं. मग खाली वाकून ती बारीक वायर जिथून इंजिनाकडं जाते तिथं हात फिरवला. चटका बसला तरी काढला नाही.

"अप्पा," तो म्हणाला, "करंट ह्या वायरीतनं परत यायलाय."

"म्हंजे?"

"म्हंजे मोठी वाट बंद हाय. सेल्फाचा सगळा करंट ह्या एवढ्याशा वायरीतनं पत्र्याला जाया बघायलाय. मावंना म्हणून ती तापायल्याय. अर्थिंग न्हाई इंजिनाला."

"पट्टी हाय की ती, चकचकीत," पेंटर म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता.

दादानं पट्टीकडं पाहिलं. काल त्यानंही ती पाहिली होती, दहादा. पट्टी जागेवर आहे म्हणून पुढं गेला होता. आज त्यानं नखानं खरवडली. चंदेरी पापुद्रा निघाला. "पेंटर," त्यानं अगदी शांतपणे विचारलं, "तू ही सोडून रंगवलास का?"

"मग? वरनं वरनं मारू का? खाली बी मारलो. दोन हात." आणि मग दखनीत, तक्रारीच्या सुरात, "अप्पाच बोले थे, झकास करो करके."

दादानं एक जाड केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या पत्र्याकडच्या खुंटीला लावलं, दुसरं टोक इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथं पेंटरचा ब्रश पोचला नव्हता तिथं, लोखंडावर दाबून धरलं. "मार सेल्फ," तो ड्रायव्हरला म्हणाला.

अर्ध्या झटक्यात इंजिन धडधडलं.

बंद करायला लावलं. केबल काढली. टक. केबल लावली. धडधड. असं त्यानं तीन वेळा केलं. मला तेव्हा वाटलं, पुरे की आता. नंतर कळलं, तो इंजिन तपासतच नव्हता. तो एकेकाचं तोंड बघत होता.

सावकार म्हणाला, "चला, देवानं ऐकलं. बसव ती पट्टी लवकर, मुहूर्त जायलाय."

दादानं केबल खाली ठेवली आणि रुमालाला हात पुसले.

"बसवतो. आधी कुणाचं चुकलं ते अप्पांनी सांगावं."

"अरे झालं की काम," अप्पा म्हणाले. "कामून ताणायलास सणाच्या दिवशी?"

"काल सणच होता अप्पा, जवा माझ्या हाताला गुण न्हाई म्हणल्यात तुमच्या दारात."

"बरं बाबा. रंगानं घोटाळा केला."

"रंग डब्यातनं आपणच उठून गेला का?"

पेंटर फिसकन हसला आणि अप्पांनी बघितल्यावर खोकला काढू लागला. अप्पांचा चेहरा लाल झाला. ते कन्नडमध्ये काहीतरी भरभर बोलले. दादा थांबून राहिला. त्याला कन्नड चांगलं येत होतं. "ड्रायव्हरला कन्नड येत न्हाई," तो म्हणाला. "काल त्यानं मराठीत ऐकलंय."

मग अप्पा, साठीकडं झुकलेला माणूस, अख्ख्या हायवेवर ज्याचा शब्द चाले, त्यांनी म्हटलं, "मी सांगिटलो रंगवाय. पट्टीचं माझ्या ध्यानात आलं न्हाई. माझं चुकलं. मेस्त्रीचं न्हाई." आणि पुढं, "झालं समाधान?"

"व्हय, झालं," दादा म्हणाला. त्यानं करवतीच्या पानाचा तुकडा घेतला आणि दोन्ही जागा खरवडून लोखंड पांढरं केलं. पट्टीची टोकं पॉलिश पेपरनं घासली. आवळली. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला तांबड्या रंगाची भुकटी लागली होती.

सावकार किल्ली फिरवून निघून गेला. काल म्हटलेलं वाक्य त्यानं मागं घेतलं नाही. जाताना दादाकडं पाहिलंही नाही. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवरची झेंडूची माळ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. मला त्या माळेचासुद्धा राग येत होता. ज्या माणसानं स्वतःच्या चुकीला शब्द दिला त्या अप्पांना मी केव्हाच माफ केलं. सावकाराला केलं नाही, आणि करायचा विचारही नाही. तो आपली सीमा ओलांडून आला ते दादानं खरवडलेल्या त्या दोन बोटं लोखंडावर, आणि संध्याकाळी गावभर सोनं वाटत फिरला.

विहाराकडं जाताना मी शेजारून चालत होतो. दादा नेहमीसारखाच होता. थोड्या वेळानं म्हणाला, "तुझा दिवा चांगला हाय. खोटं न्हाई बोलला त्यो. त्याला करंट लागतोय एवढुसा. एवढुसा तर त्या स्टॉपच्या वायरीतनं बी मिळाला. सेल्फाला गाडाभर लागतंय." जरा थांबून, "म्या बी फसलो की पट्टी बघून. डोळ्यानं बघायचं न्हाई, घासून बघायचं."

म्हणजे मला सोडवण्यासाठी त्यानं स्वतःलाही माझ्या ओळीत उभं केलं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वंदना सुरू झाली असेल, चल लवकर."

दादा त्या गॅरेजात आणखी बरीच वर्षं होता, मग त्यानं स्वतःची शेड टाकली. अप्पांनी त्याला त्यानंतर कधी पूजेला हाक मारली नाही. मात्र दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पेंटर यायच्या आधी ते स्वतः वाकून प्रत्येक इंजिनाच्या पट्टीच्या बोल्टांवर चिंधी गुंडाळत. गुडघे दुखायला लागल्यावरसुद्धा. दादाच्याच पोतडीतली चिंधी, लुगड्याची.

मला पुढं हायस्कूलात विज्ञानशिक्षकाची नोकरी लागली. निवृत्तीपर्यंत दर वर्षी नववीला मी सेल, तार आणि बल्ब यांचं मंडल शिकवलं. बल्ब पेटला की मुलं टाळ्या वाजवत, आणि दर वर्षी मला ते टक ऐकू येई. दादानं एका मालकाकडून चार माणसांत जे वदवून घेतलं ते माझ्याकडून मागितलं नाही. मागितलं असतं तर मी त्याच दिवशी मोकळा झालो असतो. मी आपल्या चुकीवर शिक्षणाचा रंग देऊन ती इतकी वर्षं तशीच आवळून ठेवली.

दादाला आता कमी दिसतं. तरी छापलेलं मराठी तो बोट ठेवून, सावकाश, पूर्ण वाचतो. हे त्याच्यासाठी लिहिलं आहे, म्हणून शेवटी सरळच लिहितो.

दादा, दिवा पेटला म्हणजे वाट मोकळी, असं मी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो. ते चुकीचं होतं. हात जोड म्हणालो, तेही. दोन्ही माझं चुकलं, तुझं नाही.